सरिताच्या वाट्याचं लिव्हर

रक्तगट जुळल्याचा फोन आला तेव्हा मी रामदासपेठेतल्या आमच्या दाताच्या दवाखान्यात काउंटरवर होते. एका आजोबांना नवी कवळी कशी धुवायची ते समजावून सांगत होते. फोनवर माझा नवरा धम्मानंद. एरवी तो फोनवर तीन शब्दांच्या वर बोलत नाही. त्या दिवशी त्याला थांबवावं लागलं.

"प्रीती, जुळला. ओ पॉझिटिव्ह. सरिताचा तोच, माझा तोच. आता तिले माझं लिव्हर देता येते."

आजोबांच्या हातात कवळी तशीच ठेवून मी बाहेर पायऱ्यांवर आले. समोरून रिक्षा जात होत्या, एक बाई मोबाइलवर कोणाशी तरी भांडत होती आणि मी उगाच हसत उभी होते. कितीतरी आठवड्यांनी आमच्या घरात कोणी चांगली बातमी दिली होती.

सरिता ही धम्मानंदची धाकटी बहीण. शाळेत खेळाची शिक्षिका. खो-खोच्या पोरी घडवणारी, मैदानाच्या या टोकावरून हाक मारली तर त्या टोकावरची मुलगी दचकावी अशी. तिच्या अंगातली स्वतःचीच फौज तिच्या लिव्हरवर उलटली होती. असा एक आजार असतो म्हणे, त्याला दारू लागत नाही, काही लागत नाही. औषधांनी काही वर्षं रेटलं, मग पोटात पाणी होऊ लागलं, हातापायांच्या काड्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आता नवं लिव्हर बसवणं हाच उपाय. तिचा नवरा हर्षित यानं पहिल्यांदा हात वर केला, पण त्याचा रक्तगट वेगळा निघाला. माझ्या सासूबाई, म्हणजे सरिताची आई यमुताई, वयात बसत नव्हत्या. उरला सख्खा भाऊ.

आणि भावाबद्दल जी गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होती, ती त्या दिवशी कोणीच बोललं नाही. धम्मानंद रोज प्यायचा.

डोळ्यांपुढे जो दारुडा येतो तसा मात्र तो नव्हता. विमानतळालगतच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीचं काम करतो. हात इतका स्थिर की स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा मी दुसऱ्या कोणाला उघडू देत नाही. ड्युटी कधी चुकली नाही, आवाज कधी चढला नाही. संध्याकाळी घरी यायचा, आंघोळ करायचा, चिवड्याची प्लेट घेऊन गॅलरीत बसायचा. सुरुवातीला दोन पेग, मग तीन, अलीकडे मोजायचं मी सोडून दिलं होतं. लग्नाच्या आधीपासून चाललेलं. "मले चढतच नाही," हे तो असं सांगायचा जसं कोणी दहावीचे मार्क सांगतं. सकाळी यमुताईंसोबत पंचशील म्हणायला हात जोडून उभा राहायचा, आणि दारूपासून दूर राहायच्या पाचव्या शीलाला त्याचा आवाज खाली जायचा. यमुताई डोळे मिटूनच त्याच्याकडे पाहायच्या.

त्यामुळे त्याच्या लिव्हरचा स्कॅन झाल्यावर सरितावर उपचार करणाऱ्या डॉ. टेंभुर्णे बाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं, तेव्हा त्या काय सांगणार याचा मला अंदाज होता. धम्मानंदला नव्हता. तो ऑपरेशनची तारीख विचारायच्या तयारीनं बसला होता.

"तुमचं लिव्हर आज घेता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात खूप चरबी आहे. असं लिव्हर कापून दुसऱ्याच्या शरीरात लावलं तर ते तिथं नीट काम करणार नाही. आणि तुमच्या पोटात जेवढं उरेल, तेवढ्यावर तुमचंही भागणार नाही."

"पण मले तं काहीच होत नाही, मॅडम. आजवर एक दिवस आजारी नाही पडलो."

"रोज किती घेता?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीकडे बघितलं. मग त्यानं खरं सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, तुम्ही पोळी खाल्ली तर शरीर तिचा साठा करू शकतं. तेल-तुपाचा करू शकतं. दारूचा साठा करायला शरीरात जागाच नाही. ती आली की लिव्हर हातातली सगळी कामं टाकतं आणि आधी तिला जाळत बसतं. तोवर चरबी जाळायची राहते. साखर तयार करून रक्तात सोडायची असते, तेही रेंगाळतं. एखाद्या दिवशी असं झालं तर लिव्हर सावरतं. तुमच्याकडे हे रोज होतंय, कितीतरी वर्षं. न जळलेली चरबी तिथंच बसत गेली."

 धम्मानंद म्हणाला, "म्हणजे रोज संध्याकाळी इमर्जन्सी लँडिंग. आणि बाकीची विमानं वर घिरट्या घालून राहिली."

"अगदी तसंच. आणि तुम्हाला चढत नाही ना, ते काही तब्येत दणकट असल्याचं लक्षण नाही. रोजच्या दारूला उरकायला लिव्हरनं जास्तीची यंत्रणा उभी केली, मेंदूनं सवय लावून घेतली. चढत नाही म्हणजे बाधत नाही, असं नसतं."

मी विचारलं, "मग संपलं का सगळं?"

इथं डॉक्टरांनी स्कॅनचा दुसरा कागद समोर सरकवला, आणि त्यांचा आवाजच बदलला. "नाही. हेच तर सांगायचं होतं. लिव्हर अजून मऊ आहे. आत कडक वण पडलेले दिसत नाहीत. वण पडले असते तर मी तुम्हाला इथूनच परत पाठवलं असतं. चरबी मात्र जाते. दारू पूर्ण बंद, वजन हळूहळू खाली, रोज व्यायाम. कधीकधी काही आठवड्यांत फरक दिसतो. वचन देत नाही. शेवटचा निर्णय सगळी टीम मिळून घेईल. आणि एक रक्ताची तपासणी आहे, गेल्या काही आठवड्यांत घेतली होती की नाही ते ती सांगते. ती आम्ही करत राहू."

"दर आठवड्याले करा," धम्मानंद म्हणाला. "आजपासून बंद."

"आजपासून बंद, पण माझ्या औषधाखाली. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर फिट येऊ शकते. मनानं काही करायचं नाही."

गाडीवर परत येताना तो सिग्नलला मागं वळून म्हणाला, "प्रीती, मऊ आहे म्हणे." जणू डॉक्टरांनी त्याला पदक दिलं होतं.

पहिला आठवडा कठीण गेला. त्यानं रजा काढली. घाम यायचा, विमानाचा बारीक स्क्रू पकडणारे ते हात चहाचा कप धरताना थरथरायचे, आणि तो ते माझ्यापासून लपवायचा. औषधं होती, रोज डॉक्टरांना फोन होता. गॅलरीतली बाटली यमुताईंनी मोरीत ओतली आणि त्या वासानं त्यांनाच मळमळून आलं. "एवढं घाण पाणी पित होता काय गा तू," म्हणाल्या आणि आलं चघळत बसल्या.

मग एका सकाळी तो उठला आणि म्हणाला, भूक लागली. मला नवल वाटलं. आमच्या लग्नानंतर त्याला सकाळी भूक लागलेली मी पाहिली नव्हती. आणि गोडाची अशी तलफ सुटली की फ्रिजमधली संत्रा बर्फी मला बिल्डिंगमध्ये वाटून टाकावी लागली. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, फळं द्या.

आता खरी गंमत सुरू झाली, कारण सरिताला कळलं की भावाला पळवायचं आहे.

ती अंथरुणावर होती, बसलं तरी दमायची. पण प्रताप नगरच्या मैदानावर धम्मानंद पोचला की तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मी फोन धरून कडेला उभी राहायची. मैदानावर चालायला येणारे काका-काकू आमच्याकडे बघत बघत जायचे.

"दादा, टाचा घासून नको पळू. गुडघा वर. वहिनी, फोन थोडा खाली धर वं, त्याचे पाय नाही दिसून राहिले मले."

"मले दम लागून राहिला, सरू."

"लागू दे. अर्धं माझं लिव्हर आहे त्यात. ते सुस्त नाही पाहिजे मले."

तिच्या आवाजात पूर्वीचा जोर नव्हता, पण हुकूम तोच होता. हर्षित सांगायचा, दिवसभरात ती तेवढाच वेळ उठून बसते. मला तर वाटायचं की धम्मानंद तिच्यासाठी पळतोय तसाच तीही त्याच्यासाठी जिवंत राहतेय. रक्ताचा पहिला रिपोर्ट स्वच्छ आला. दुसराही. रक्तातली चरबी, जी कंपनीच्या दरवर्षीच्या तपासणीत लाल अक्षरांत यायची, ती खाली उतरू लागली. त्याच्या पँटी कमरेवरून घसरायला लागल्या. संध्याकाळी सातच्या सुमारास त्याचा जीव कासावीस व्हायचा, तेव्हा तो चपला घालून निघायचा आणि सरिताच्या घरापर्यंत चालत जाऊन यायचा. आमच्या घरात असा उत्साह मी कधी पाहिला नव्हता. यमुताई ज्वारीची भाकर थापताना गुणगुणायच्या.

आणि नेमक्या त्याच वेळी सरिता बिघडली. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला, ताप चढला, रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात भरती करावं लागलं. भेटायला गेलो तेव्हा ती नीट बोलतही नव्हती, विचारलं एक तर सांगायची दुसरंच.  त्या दिवसापासून धम्मानंदनं स्वतःच्या मनानं जेवण तोडलं. डब्यातली भाकर परत यायची. "ऑफिसात खाल्लं," म्हणायचा. सकाळी दोनदा पळायचा. मला वाटलं, काळजीनं तोंडाची चव गेली असेल.

एका सकाळी मैदानावरून फोन आला, फोन त्याचा, आवाज अनोळखी. "हे भाऊ पडले इथं. या लवकर."

मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. मैदानाच्या कठड्यापाशी माणसं जमली होती. धम्मानंद मातीत बसलेला, अंग घामानं निथळलेलं, डोळे भलतीकडे लागलेले. शब्द जिभेवर अडखळत होते.

"सकाळी सकाळीच घेतली वाटते," गर्दीतल्या एका बाईचा आवाज आला. "चांगल्या घरचा दिसते."

मी त्याच्याजवळ वाकले, त्याला धरलं, आणि माझं नाक त्याच्या तोंडापाशी गेलं. ते मी ठरवून केलं नाही, पण केलं. त्याला भान थोडंच होतं, तरी तेवढं त्याला कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडं ठेवलं. मला नीट वास घेता यावा म्हणून. वास कशाचाच नव्हता.

"यांनी घेतलेली नाही," मी मागं वळून म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "कोणाजवळ काही गोड आहे का?"

दाताच्या दवाखान्यात उपाशी येऊन खुर्चीत घेरी येणारे पेशंट मी पाहिलेले आहेत, तेवढ्यावरून विचारलं. ज्या बाईनं ते वाक्य म्हटलं होतं, तिनंच पिशवीतून उसाच्या रसाची बाटली काढली. तिच्या नातवासाठी घेतली होती. धम्मानंदला गिळता येतंय हे पाहून मी घोट घोट पाजला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मी पळत होतो ना?" आणि मला रडू फुटलं.

डॉ. टेंभुर्णे बाईंनी त्याला तासभर सलाइनवर ठेवलं आणि मग झापलं. "लिव्हर म्हणजे साखरेचं कोठारही असतं. तुम्ही जेवत नाही तेव्हा ते तिथून साखर सोडतं. तुमचं कोठार वर्षानुवर्षं दारूनं विस्कटलेलं, आता कुठं मार्गी लागतंय, आणि तुम्ही उपाशीपोटी पळून ते खरवडून काढलं. शिवाय असं झटकन वजन उतरवलं तर लिव्हरला सूज येते. बहिणीला सुजलेलं लिव्हर देणार आहात का?"

तो मान खाली घालून बसला. "तिले पाहिलं अन् मले वाटलं, वेळ नाही."

"वेळ कमी आहे, हे मलाही कळतं. म्हणून तर जेवा."

सरिताचा ताप दोन-तीन दिवसांनी उतरला. ती शुद्धीवर आल्यावर तिला हे कळलं, आणि तिनं भावाला खाटेजवळ बोलावलं.

"दादा, डोकं जागेवर आहे का तुझं? माझी एखादी पोरगी उपाशी मैदानात आली असती तं मी तिले बाहेर बसवलं असतं."

"मग बसव मले बाहेर."

"तुले बाहेर बसवलं तं आत कोण येईन?" ती म्हणाली आणि त्याचा हात धरून बराच वेळ पडून राहिली.

त्यानंतर तो जेवला. वेळेवर, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. पळणं कमी आणि चालणं जास्त. यमुताई ताटासमोर बसून राहायच्या, ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठायच्या नाहीत.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी मी रजा टाकली. हर्षित आला होता, यमुताई आल्या होत्या. एवढ्या माणसांना आत सोडत नाहीत, म्हणून सगळे दाराबाहेर. धम्मानंद बाहेर आला आणि आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसलो, जसं काही त्यालाच निकाल ठाऊक असावा. मग डॉक्टर आल्या. त्या चालत आल्या, पण नेहमीपेक्षा भराभर.

"चरबी उतरली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त उतरली. आता सुईनं एक छोटा तुकडा काढून तपासू. तोही नीट आला, तर मी टीमपुढे तुमचं नाव ठेवते."

यमुताईंनी विचारलं, "म्हणजे पास झाला का आमचा?"

"लेखी झाला, आजी. तोंडी बाकी आहे."

यमुताईंना हसू आवरेना. हर्षित भिंतीला टेकून खाली बसला. मी धम्मानंदच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि शेजारच्या खुर्चीवरचे पेशंट दचकले. तुकडा नीट आला. टीमनं दोन वेळा बोलावून त्याला एकट्याला विचारलं, घरच्यांनी जबरदस्ती केली का, धोका समजला का. तो म्हणाला, समजला. मला मात्र टीमचा होकार आला त्या रात्रीपासून भीती वाटायला लागली होती. निरोगी माणसाचं पोट फाडायचं म्हणजे काय, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मलेही भेव वाटून राहिला. पण प्रीती, मी आजवर घरात कोणाच्या काही कामाला आलो असेन तं ते आता येऊन राहिलो."

ऑपरेशनच्या सकाळी दोघांच्या खाटा काही वेळ शेजारी शेजारी होत्या. सरिता त्याच्याकडे वळून म्हणाली, "दादा, खरं सांग. तुझं लिव्हर लावल्यावर मले संध्याकाळी तलफ तं नाही येणार?"

"आली तं माझ्यासारखी चालत ये आमच्या घरी."

आधी त्याला नेलं. मग तिला. तो अख्खा दिवस आम्ही खाली कँटीनमध्ये काढला. यमुताई संकटात म्हणतात तो परित्राण पाठ म्हणत होत्या, हर्षित चहा मागवायचा आणि प्यायचा विसरायचा. संध्याकाळी उशिरा डॉक्टर खाली आल्या, मास्क गळ्यात, कपाळावर टोपीचा वळ. "भाऊ बरा आहे. बहिणीला लिव्हर लावून झालं. रक्त सोडल्या सोडल्या गुलाबी झालं. पित्तही सुटायला लागलं टेबलावरच."

पित्त सुटलं म्हणून इतकं आनंदानं रडणारी माणसं त्या कँटीननं क्वचितच पाहिली असतील.

पुढचं सगळं सोपं गेलं असं नाही. धम्मानंदला टाक्यांची कळ इतकी यायची की खोकला आला तरी उशी पोटाशी दाबून धरायचा. सरिताचं शरीर नवं लिव्हर नाकारतंय की काय अशी डॉक्टरांना एकदा शंका आली, औषधं वाढवावी लागली. ती औषधं आता तिला जन्मभर आहेत. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिच्या गालावर मांस दिसू लागलं. जे खाईल ते अंगी लागायला लागलं. ती दिवसभर खायला मागायची, आणि हर्षितनं मला फोन करून विचारलं, वहिनी, घरातलं सगळं संपलं, आता हिला काय देऊ.

काही महिन्यांनी दोघांची तपासणी एकाच दिवशी ठेवली. डॉ. टेंभुर्णे बाईंनी दोन्ही स्कॅन पडद्यावर शेजारी शेजारी लावले. धम्मानंदच्या पोटात उरलेला तुकडा वाढून जवळजवळ पूर्वीएवढा झाला होता. सरितात लावलेला तुकडाही वाढला होता. एकाची दोन झाली होती.

"हे नवं मांस आहे, नवा परवाना नाही," डॉक्टरांनी धम्मानंदला बजावलं. "परत प्यायलात तर चरबी परत बसेल, आणि या वेळी वण पडायला वेळ लागणार नाही."

"माहीत आहे, मॅडम. अजूनही सात वाजले का पाय बाहेर ओढतात."

"मग चालत राहा."

सरिता पडद्याजवळ गेली आणि नाक लावून आकडे वाचायला लागली. "मॅडम, माझं मोठं आहे ना याच्यापेक्षा?"

"थोडंसं लहान आहे."

"लहानच असणार," धम्मानंद म्हणाला. "मोठा मी आहो."

"अरे पण वाढून राहिलं ना माझं अजून. पुढच्या तपासणीले पाहू," सरिता म्हणाली. दोघं भांडत भांडत जिना उतरले. मी आणि हर्षित मागून फायली घेऊन उतरलो. खाली गेटपाशी गरम इडल्यांचा वास येत होता, आणि सरितानं कोणाला न विचारता चार प्लेट सांगूनही टाकल्या होत्या.